पात दाराला लागली

१

त्या दिवशी धुवारी पडली होती, दाट धुकं. मार्गशीर्ष सरत आला की आमच्या नालवाडीकडे अशी पडते. समोरचा विजेचा खांब कमरेपर्यंत दिसतो, वरचा कोणी काढून नेल्यासारखा. वारा अजिबात नव्हता. टिनावरून टपटप पाणी गळत होतं, पण तो पाऊस नव्हता, धुवारीचंच पाणी होतं. हात थोडा वेळ उघडा राहिला की बोटं गार पडत, आणि मग ती आपली वाटत नसत.

मी रोजच्यासारखा सहाला उठलो आणि दुधाचा डबा घेऊन मागच्या दारानं निघालो. मागं माझी भाजी आहे. जागा रुंदीला दोन बाजांची, लांबीला आठ. जन्मभर लोकांच्या बाजा विणल्या, त्यामुळे मला जागा बाजेनंच मोजता येते. शेती माझ्या बापाजवळ नव्हती, माझ्याजवळही नाही.

गल्लीकडच्या कुंपणाजवळ पोचलो आणि थांबलो. मेथीतलं गवत कोणी तरी निंदलं होतं. सगळं नाही. कुंपणापासून हातभर, एवढाच पट्टा. उपटलेलं गवत लहान लहान ढिगांनी ठेवलं होतं, मुळ्या वर करून, म्हणजे ते पुन्हा जमीन धरत नाही. पट्टा जिथं संपला तिथं एक गोटा उभा करून ठेवला होता.

हे मला ओळखू आलं. निंदणाऱ्या बाया वावरात ओळीनं बसतात, एकेकीच्या वाट्याला एकेक पट्टा येतो. त्याला पात म्हणतात. सांज झाली की जिथं हात थांबला तिथं खूण ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं धरायचं. माझ्या बायकोनं, धुरपतानं, चाळीस वर्षं देवळीपासून इकडची वावरं निंदली. मुळ्या वर करून ढीग ठेवणं मी तिच्याच हातात पाहिलं होतं.

म्हणजे धुरपता उठली होती.

आमची काजल आषाढात गेली. एकुलती एक. तळेगावला दिली होती. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी फोन आला. त्याबद्दल मला एवढंच सांगता येतं. तेव्हापासून धुरपता मागच्या खोलीत बाजेवर होती, भिंतीकडं तोंड करून. भरवलं तर दोन घास खायची. आम्ही एकमेकांना काजलची माय, काजलचे बाबा अशीच हाक मारायचो. आता ती हाक तोंडात येत नव्हती, आणि दुसरी आमच्याजवळ नव्हती. म्हणून सहा महिने आम्ही एकमेकांना हाकच मारली नव्हती.

दूध घेऊन आलो तेव्हा ती बाजेवर तशीच पडून होती. मी काही विचारलं नाही. चिमणी घरात आली की तिच्याकडं पाहायचं नसतं, नाही तर ती उडते.

२

भाजी लावायचं डोक्यात आलं ते तिच्यासाठीच. तिच्या बाजेच्या वर खिडकी आहे. खिडकीतून मागची जागा दिसते. तिथं विटांचे तुकडे होते, मुरूम होता, घर बांधताना मिस्त्रीनं तिथंच सिमेंटची घमेली धुतली होती. मला वाटलं, बाहेर काही हिरवं असलं तर ती भिंतीकडून तोंड फिरवील. दिवाळी झाल्यावर सब्बल घेऊन जमीन खणायला लागलो.

गल्लीपलीकडं प्रभाकररावचं वावर आहे. तो भाजीवालाच. रोज पहाटे टोपल्या भरून वर्धेच्या बाजारात नेतो. तो कुंपणाशी थांबला.

"पुंडलिकराव, विहीर खोदून राह्यले का?"

"भाजी लावतो म्हटलं."

"इथं? इथं भाजी नाई, भिंत उगवन."

त्याची बायको भागीरथा मागून आली. मी मेथी, पालक, वांगी, वाल आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, अशा पाच पुड्या आणल्या होत्या. वाल तेवढे बाजूला ठेवले, बाकीच्या चार पुड्या एका डब्यात रिकाम्या केल्या आणि मुठीनं फेकत होतो.

"अवो, हे बी हाय का चिवडा?" ती म्हणाली.

वांग्याचं आधी रोप करतात, मग लावतात, हे मला माहीत नव्हतं. पाणी सकाळी द्यावं तर मी भर दुपारी द्यायचो, कारण दुपारी वेळ जात नसे. दोघं नवराबायको हसून गेली. माणसं चांगली आहेत. काजलच्या वेळी पंधरा दिवस त्यांच्या घरूनच डबा आला होता.

पाचव्या दिवशी सगळं उगवलं. मेथी कुंपणाकडं, तिच्यालगत पालक, मग सांभार, आणि घराजवळ वांगी, एकेक वीत अंतर सोडून.

मी मिसळून फेकलं होतं. ते निवडून उगवलं.

मी तिथं उभा राहून आठवत बसलो. कदाचित मी चारी पुड्या वेगळ्याच टाकल्या असतील. त्या दिवसांत मला काय केलं, काय नाही, हे आठवत नसे. एकदा मी पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून बाजारात गेलतो, तेही लोकांनी सांगितलं. म्हणून मी ते तसंच सोडून दिलं.

३

गवत निंदलेलं पाहिलं त्या दिवशी मी रात्री एक भाकर जास्तीची केली. घरात धुरपता खात नव्हती, पण वावरात ती जन्मभर खात आली होती. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून, फडक्यातली भाकर, जवसाची चटणी. मला वाटलं, तिथं ठेवली तर खाईल. फडक्यात बांधून कुंपणाजवळच्या विटेवर ठेवली आणि पुढच्या खोलीत येऊन झोपलो.

सकाळी भाकर नव्हती. फडकं चार घड्या करून विटेवर ठेवलं होतं. कुत्र्यानं नेली असती तर फडकं तिथं राहिलं नसतं, घडी तर नाहीच. आणि पात हातभर पुढं आली होती.

मग मी रोज ठेवायला लागलो.

मजुराच्या न्याहारीचं एक आहे. धुरपताच सांगायची. मालकानं ज्याला न्याहारी दिली, त्याला काम सरेपर्यंत वावरातून काढता येत नाही. नको असेल तर सांजेला तोंडानं सांगावं लागतं, उद्या नको येजो म्हणून. सांगितलं नाही तर मजूर दुसऱ्या दिवशी हजर. मालकाचं गप्प राहणं म्हणजेच ये म्हणणं. आणि निंदण सरलं, शेवटची पात धुऱ्याला लागली, की मालकीण मजुराला घरात बसवून जेवू घालते. हे मला सगळं पाठ होतं, पण त्या वेळी ते आठवायचं काही कारण नव्हतं. धुरपता काही मजूर नव्हती.

आठ दिवसांत ती खरंच उठली. एक दिवस तिनं केस विंचरले. एक दिवस मेथी खुडून आणली आणि निवडायला बसली. पहाटे मला स्वयंपाकघरात भांडी वाजल्याचं ऐकू यायचं. मी बाजेवर पडून ऐकायचो. वाटायचं, निंदून परत आली. ती माझ्याकडं पाहायची तेही बदललं होतं. माझ्या चहात साखर जास्त पडायला लागली. मला त्याचं कारण कळत नव्हतं, पण कारण विचारण्याचं माझं वय नव्हतं.

४

सव्वा महिन्यात वांगी लागली. हाताच्या मुठीएवढी, काळीभोर. मेथी कापली की चार दिवसांत पुन्हा वर. गल्लीतली माणसं पाहायला यायला लागली. प्रभाकरराव एकदा आत येऊन उकिडवा बसला, एकेक पान उलटून पाहायला लागला.

"पुंडलिकराव, खत कोणतं मारलं? खरं सांगा. मी कोणाले नाई सांगत."

"पाणीच देतो."

"दुपारचं?"

"दुपारचंच."

"आइका," भागीरथा नवऱ्याला म्हणाली. "तीस वर्षं पहाटं उठून पाणी देता, म्हणूनच तुमची जळते. झोपत जा आता."

तो हसला नाही. "एकबी अळी नाई. पानाले भोक नाई. माझं फवारून फवारून हात सोलले, तरी भोकं हायत. ज्या भाजीले किडा शिवत नाई, तिचं मले काही बरं नाई वाटत."

"मंग तुमी नका खाऊ," ती म्हणाली आणि पदरात चार वांगी घेतली.

मी खात होतो. भाजी वाईट नव्हती. मीठ टाकलं तर मिठाची चव यायची, तिखट टाकलं तर तिखटाची. भाजीची अशी काही यायची नाही. पण त्या वर्षी मला कशाचीच चव येत नव्हती, म्हणून मी भाजीला दोष दिला नाही.

दोन गोष्टी मात्र मला खुपल्या.

एक म्हणजे गाठ. वालाचा वेल मी बाजेच्या दोरीनं बांबूला बांधला होता. माझी गाठ माझ्या बापाची आहे, दोन वेढे आणि टोक खालून आत. नालवाडीत दुसऱ्या कोणाला येत नाही. एका सकाळी वरचा शेंडाही बांधलेला दिसला. गाठ ढिली होती, चुकीची होती. दुसऱ्या दिवशी ती सोडून पुन्हा बांधलेली होती, थोडी बरी. तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. पाचव्या दिवशी मी दोन्ही गाठींवर बोट फिरवलं, आणि माझी कोणती हे मला सांगता आलं नाही. धुरपताला मी एकदा ती गाठ शिकवायला गेलतो. ती म्हणाली होती, मले नका सांगू, मी का बाजा विणाले जाते का.

दुसरी म्हणजे पात. धुरपताची पात दोन बायांएवढी रुंद असायची, त्याचा तिला गर्व होता. ही एका हाताएवढी अरुंद होती. आणि ती वाफ्यानं चालत नव्हती. मेथीतून निघाली ती सरळ. मधली पायवाट आली तर पायवाटेवरून, विटा आल्या तर विटांवरून. विटांच्या फटीतलं शेवाळही काढून, मुळी वर करून ठेवलेलं. मी तिथं उभा राहून पातीच्या रेघेत पाहिलं. रेघ आमच्या मागच्या दाराला येऊन मिळत होती.

मी मनाला सांगितलं, ती घराकडंच निंदत येणार. दुसरीकडं कुठं जाईल.

५

खुरप्याचा आवाज मला पुढच्या खोलीत ऐकू यायचा. खर्र, मग थोडं थांबून खर्र. धुवारीत तो जवळचा वाटे. पडल्या पडल्या बरं वाटायचं. असाच एक दिवस ऐकत होतो, आणि मागच्या खोलीतून धुरपता खोकली.

खुरपं थांबलं नाही.

मी उठून बसलो. एका वेळी दोन ठिकाणचा आवाज धुवारीत एका ठिकाणचा वाटू शकतो. म्हाताऱ्या कानाचा काय भरवसा. मी पुन्हा आडवा झालो. ती पुन्हा खोकली, कूस बदलल्याची बाजही करकरली. ती बाज मीच विणलेली, तिचा आवाज मला कळतो. बाहेर खर्र, खर्र चालूच होतं.

त्या दुपारी आम्ही वालाच्या शेंगा मोडत बसलो होतो. धुरपता म्हणाली, "तुमी आता पहाटेचं थंडीत नका बसत जाऊ."

"कुठं?"

"निंदाले. मले का दिसत नाई? खिडकी हाय ना." तिनं एक शेंग मोडून टोपलीत टाकली. "जन्मभर बाजेवर बसून काम केलं, अन् आता उकिडवं बसणं शिकले. अन् निंदणं बी उलटं. आमी बाया पुढं सरकतो. तुमी घराकडं पाठ करून मागं मागं येता. कोण असं निंदते? पाह्यणारी बाई हसन."

माझ्या हातात शेंग होती. ती मोडायची राहिली.

"पहिल्या दिवशी मले काजलच वाटली," ती हळू म्हणाली. "धुवारीत अशी पाठमोरी. मंग दोन-तीन दिवसांनी नीट पाह्यलं, त तुमी. मले वाटलं, हा माणूस माह्यासाठी एवढं करून राह्यला, अन् मी पडून हाय. मंग मी बी उठली. च्या ठेवते उंबऱ्यावर, तो पेता ना?"

मी ती शेंग न मोडताच टोपलीत टाकली.

"गिलास रिकामा असते, म्हणून इचारते. धुऊन पालथा घालून ठेवता. चाळीस वर्षांत कधी गिलास नाई धुतला." ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळ गेली होती. आषाढापासून एवढ्या जवळ ती गेली नव्हती.

मी तिच्यासाठी भाकर ठेवत होतो. ती माझ्यासाठी चहा ठेवत होती. दोघांनी मिळून कोणाला तरी न्याहारी दिली होती, रोज, महिनाभर, आणि सांजेला एकदाही नको म्हटलं नव्हतं.

तेव्हा मला सांगता आलं असतं. तो मी नाही, एवढे तीनच शब्द होते. पण तिच्या बाजूला दुपारचं ताट होतं, आणि ताटात अर्धी भाकर खाल्लेली होती.

"पेतो," मी म्हटलं.

६

त्या सांजेला मी गोट्याजवळ जाऊन उभा राहिलो. दारापासून आता फक्त सहा हात उरले होते. बाई म्हणावं की भाऊ म्हणावं, हे मला कळेना. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी म्हटलं, "काम चांगलं केलं. पण आता उद्यापासून नको येजो. न्याहारी बी नाई ठेवत मी."

प्रभाकररावच्या वावरातला मोटारपंप त्याच वेळी बंद झाला. बाकी काही झालं नाही. मला माझीच लाज वाटली. सत्तरीचा माणूस गवताशी बोलतो.

सकाळी गोटा जिथल्या तिथं होता. पात पुढं आली नव्हती. पानं मात्र सगळी खाली वळली होती, उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी. आत आलो तर धुरपता खिडकीशी बसलेली.

"आज नाई गेले?"

"अंग दुखून राह्यलं."

 उंबऱ्यावरचा ग्लास तिनं भरलेलाच उचलून आत आणला आणि चहा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी चहा केलाच नाही. मी स्वतः जाऊन निंदलं असतं, पण तेव्हा त्या जागेत पाय टाकायला माझं मन घेईना. तिसऱ्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून निजली. मी भाकर चुरून दुधात कालवली, चमचा तिच्या तोंडाशी धरला. दूध ओठांवरून गळून उशीवर आलं. चौथ्या दिवशी मी तिला विचारलं, पाणी देऊ का. ती ऐकत नव्हती असं नाही. ऐकून तशीच राहिली.

मी बराच वेळ चुलीजवळ बसलो. मग पीठ मळलं. भाकर जाड झाली, माझी नेहमी होते. जवसाची चटणी लावली, फडक्यात बांधली आणि विटेवर नेऊन ठेवली. मी कोणाचं नाव घेतलं नाही. कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, कुत्र्यासाठी ठेवली.

सकाळी फडक्याची घडी विटेवर होती. पानं उभी होती. पात एक हात पुढं यायची, ती पाच हात आली होती. मजुरानं चार दिवसांचे खाडेही भरून काढले होते.

आत चहाचा वास सुटला होता. धुरपता म्हणाली, "आज गेले ना. मी पाह्यलं." तिनं माझ्यासमोर बसून सबंध भाकर खाल्ली. मी तिचं खाणं पाहत बसलो. मला भीती वाटायला हवी होती. ती कुठं तरी होतीही, पण हात गारठल्यावर चिमटा कळत नाही, तशी ती कळत नव्हती.

दार आता एक हात राहिलं होतं.

७

त्याच दिवशी सांजेला धुरपता डबे काढून बसली. गूळ काढला, डाळ भिजत घातली. आषाढापासून घरात गोड शिजलं नव्हतं.

"उद्या पात दाराले लागते," ती म्हणाली. "निंदण सरलं की मजुराले घरात बसवून जेवू घालावं लागते. उद्या तुमाले पाटावर बसवते. मालकीण मी."

"एवढं काऊन करते?"

"मनातून करते."

मी रात्रभर जागलो नाही, झोपलोही. पण झोपायच्या आधी एक गोष्ट मी पक्की केली. जो पात दाराला लावील तो आत बसेल. तर तो मी असलो पाहिजे. उरलेलं हातभर निंदण माझ्या हातानं व्हायला हवं. त्यात चूक काही नव्हती. धुरपताला दिसत होतं तेच मी खरं करणार होतो.

पाचच्या सुमाराला मी पुढच्या दारानं निघून घराला वळसा घालून मागं आलो. धुवारी पहिल्या दिवसापेक्षा दाट होती. गोटा हातानं चाचपून शोधला. खुरपं घेतलं आणि घराकडं पाठ करून बसलो, कारण धुरपताला तसंच पाहायची सवय होती. मागच्या खोलीत दिवा लागला. तिची सावली माझ्या पुढच्या वांग्यांवर पडली आणि गेली. मग डाळीला गूळ लागल्याचा वास आला.

मला निंदता येत नाही. गवत तुटायचं, मुळी आत राहायची. मुळी खणून काढायची, माती झटकायची, वर करून ठेवायची, मग टाचेनं वीतभर मागं सरकायचं. दहा बोटांतलं एकही माझं राहिलं नव्हतं. खुरपं हातात आहे की नाही हे पाहूनच कळत होतं. हातभर जागा म्हणजे किती. पण माझं अर्धंही झालं नव्हतं.

खर्र.

माझ्या डावीकडं, अगदी लगत. दुसरी पात लागली होती.

मी मान वळवली नाही. मी माझ्या गवताकडं पाहत राहिलो आणि हात लवकर चालवायला लागलो. बाजूचा हात माझ्याएवढाच हळू होता. मी थांबलो की थांबायचा. मी खोकलो तेव्हा थोड्या वेळानं तोही खोकला, जरा चुकीचा, मग पुन्हा एकदा, नीट.

एकदाच माझी नजर खाली गेली. गवताची जुडी मुळ्या वर करून माझ्या ढिगावर ठेवली जात होती. एक अंगठा दिसला. माझ्या अंगठ्याला दोरी ओढून ओढून आडवी खाच पडली आहे, पन्नास वर्षांची. त्या अंगठ्यालाही होती. पण खाच ताजी होती, ओली होती.

त्यानंतर मी वर पाहिलं नाही. गवत, माती, मुळी. एवढंच पाहिलं. मागं सरकायला गेलो तर आवाज डावीकडून निघून माझ्या पाठीमागं गेला होता, माझ्या आणि दाराच्या मध्ये. तिथं दोनदा खर्र झालं. मग खुरपं दगडावर ठेवल्याचा आवाज आला.

उंबऱ्याजवळच्या नळाचं पाणी पडलं, थांबलं. दार करकरलं. आतून धुरपताचा आवाज आला, सहा महिन्यांत ऐकला नव्हता असा, मोकळा, जरा लाजलेला.

"काजलचे बाबा, बसा. वाढते."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आत पाट सरकल्याचा आवाज झाला. कडी लागली. मी उठायला गेलो, पण गुडघे सरळ होईनात. मी तसाच बसून राहिलो, घराकडं पाठ करून, हातात गवताची एक जुडी. आत ताटात वाटी ठेवल्याचं ऐकू आलं. मग धुरपता हसली. ती खरंच हसली.

गल्लीतून प्रभाकरराव टोपल्या लादलेली सायकल ढकलत बाजाराला चालला होता. तो कुंपणाशी थांबला. धुवारीतून वाकून त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"पुंडलिकराव?" तो म्हणाला. "तुमी इथं काऊन बसून राह्यले? आता त नळावर हात धुऊन घरात गेले ना तुमी, अन् जाता जाता मले रामराम बी केला."